खोटं न बोलण्याचं उद्यापन

नागपूरला मी फिरायला गेले नव्हते, मला पाठवलं होतं. पाठवणारा माझा भाचा मिलिंद, तो पुण्याला असतो. त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो. अक्का लग्न होऊन नागपूरला गेली ती तिथलीच झाली, आणि भाऊजी गेल्यावरही धरमपेठेतलं घर सोडून हलायला तयार नाही. मिलिंदचा फोन आला, "मावशी, तू एकदा जाऊन बघ. आई मला खरं सांगत नाही. हल्ली व्हिडिओवर बघावं तेव्हा बसलेलीच असते. ती एकदा जरी पडली असेल ना, तर मी तिला इकडे आणणार. अकरावा मजला आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे. ते घर काढून टाकू."

बघते म्हटलं. म्हणजे निघाले मी हेर म्हणून, पण पिशवीत दशम्या, कंदी पेढे आणि अक्कासाठी कुळथाचं पीठ. अशी हेर कुणी पाहिली नसेल.

कराडहून नागपूर म्हणजे एक दिवस आणि एक रात्र गाडीत. समोरच्या बाकावर वर्ध्याचे एक गृहस्थ होते, ते मला रात्रभर सांगत होते की त्यांना गाडीत झोप येत नाही. सकाळी उठून पाहिलं तर बाहेर काळीभोर जमीन, शेतात वाळलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडं) आणि मार्च नुकता लागलेला असून ऊन आमच्याकडच्या मेसारखं. गाडी पावणेदोन तास उशिरा पोचली.

फलाटावर एक उंच बाई माझ्याकडे आली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, उन्हामुळे तिथल्या सगळ्याच पोरी अशा गुंडाळून फिरतात. आत दोन राखाडी डोळे तेवढे दिसत होते. म्हणाली, "मावशी, मी क्लारा. काकूंनी पाठवलं मले."

क्लारा म्हणजे अक्काच्या वरच्या दोन खोल्यांमध्ये राहणारी जर्मन मुलगी. सव्वीस वर्षांची, अडीच वर्षं झाली राहतेय. रामदासपेठेत एका केंद्रात ती चालता न येणाऱ्या मुलांकडून व्यायाम करून घेते. हे मला ठाऊक होतं. ती अस्सल नागपुरी बोलते हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

रिक्षात बसल्यावर मी आपलं विचारलं, "फार वेळ थांबावं लागलं का गं?"

"हाव. पावणेदोन तास. मले खूप कंटाळा आला. मी तुमच्यावर थोडी चिडली पण होती."

मी पेढ्यांचा पुडा उघडला. तिनं एक तोंडात टाकला. कसा आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, "जुना आहे मावशी. पण मले दुसरा पण चालेल."

घरी पोचल्यावर अक्कानं उलगडा केला. पोरगी प्रोटेस्टंट. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस ख्रिस्ती लोक उपवास धरतात, त्यात हिच्या गावाकडची रीत अशी की खाणंपिणं सोडायलाच पाहिजे असं नाही, आपल्याला ज्याची सवय लागलीय ती एक गोष्ट सोडायची. गेल्या वर्षी हिनं साखर सोडली होती. यंदा खोटं बोलणं सोडलंय.

"पण ही खोटं बोलायची का?" मी विचारलं.

"छे वं. हिचं म्हणणं, इथं आल्यापासून सवय लागली. कुणी जेवली का म्हणलं की हो म्हणायची, भाजी कशी झाली म्हणलं की छान म्हणायची. मिलिंदले मी फोनवर सांगितलं, आमच्या घरी आता हरिश्चंद्र राहून राहिला." अक्काला या गोष्टीचं भारी कौतुक. हेच कौतुक पुढं गळ्याशी आलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तो प्रकार डोळ्यांनी पाहिला. सकाळी साडेसहाला क्लारा वरच्या गच्चीवर एक लहानसं पुस्तक घेऊन बसते. त्यात रोजचं एक वचन असतं. ते वाचते, डोळे मिटते, मग खाली येऊन अक्काला हात धरून अंगणात वीस पावलं चालवते, आणि सायकल काढते. एवढी साधी पोरगी. पण गल्लीतल्या बायकांना कळलं की हिचं व्रत आहे, चाळीस दिवसांचा उपवास आहे. उपवास म्हटल्यावर आपल्या बायका गप्प बसतील? साबुदाण्याची खिचडी आली, भगर आली, रताळ्याचा कीस आला, राजगिऱ्याचा शिरा आला. क्लारानं शंभर वेळा सांगितलं की मी सगळं खाते, माझा उपवास खाण्याचा नाही. कुणी ऐकेना. उपवास तो उपवास. ती आपली खाई, आणि आणणारी विचारी, कसं झालं?

"शेंगदाणे खवट होते."

"साबुदाणा कच्चा राहिला."

"काल यांनी आणली ती जास्त चांगली होती."

मला वाटलं आता भांडणं होणार. झालं उलटंच. खवट शेंगदाण्याची बाई दुसऱ्या दिवशी नव्या शेंगदाण्यांची खिचडी घेऊन हजर, आणि क्लारा "आज छान झाली" म्हणाली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सत्तावीस वर्षं घरात रांधतेय, कुणी खरं छान म्हटलं असेल यावर तिचा विश्वासच बसला नव्हता म्हणे. गल्लीतला स्वयंपाक तीन-चार दिवसांत सुधारला. भाजीवाला मात्र आमच्या फाटकासमोरून न ओरडता जायला लागला, कारण एका गिऱ्हाइकानं "पालक ताजा आहे का" विचारलं आणि क्लारा गच्चीवरून म्हणाली, "कालचा आहे. काल पण हाच होता."

समोरच्या पराते वहिनींनी तर तिचा धंद्यात उपयोग केला. यांच्या सासऱ्यांच्या वेळी घरात हातमाग होते, आता शोकेसमध्ये एक धोटा (मागावरचा सूत नेणारा तुकडा) ठेवलाय आणि पुढच्या खोलीत साड्यांचं दुकान. वहिनी गिऱ्हाइकाला घेऊन सरळ आमच्या अंगणात येत. "क्लारा वं, पाहून सांग हिले ही साडी कशी दिसून राहिली." क्लारा चष्मा पुसून बघायची आणि म्हणायची, "यात तुम्ही आजारी दिसता." गिऱ्हाईक दुसरी साडी घेई, पण घेई. शिवाय चार जणींना सांगे.

एक दिवस शेजारच्या गजभिये बाई फाटकापाशी उभ्या राहिल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या आजी-आजोबांनी छप्पन्न साली नागपुरातच दीक्षा घेतलेली. बाई म्हणाल्या, "एवढा गाजावाजा कशाला? आमच्या पंचशीलात हे रोजचंच आहे. मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. चाळीस दिवसांची सवलत नाही आमच्याकडे, जन्मभराचं आहे."

क्लारानं विचारलं, "आणि बाई, जमते का तुम्हाले?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. संध्याकाळी त्यांच्याकडून वाटीभर खीर आली. कशी झाली ते बाईंनी विचारलं नाही.

तर हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. चौथ्या दिवशी अक्का पाठीला तेल लावून दे म्हणाली, आणि लुगडं सरकलं तर कमरेपासून मांडीपर्यंत हिरवंनिळं. दंडावरही तसंच. मी काही बोलायच्या आधीच तिनं माझा हात धरला.

"न्हाणीघरात पडली. दोनदा. पंधरा दिवस झाले. क्लारानं उचललं, दोन आठवडे व्यायाम करून घेऊन राहिली, म्हणून चालून राहिली मी. दूध पण जळलं एकदा, गॅस तसाच राहिला होता. मिलिंदले सांगशील तं तुले माझी शप्पथ. मले त्या अकराव्या मजल्यावर नाही जायचं. तिथं मले कोणी क्लारा नाही, पराते नाही, दार उघडलं की लिफ्ट."

त्याच संध्याकाळी मिलिंदचा फोन आला आणि मी म्हटलं, "ठणठणीत आहे तुझी आई." दुसऱ्या दिवशीही म्हटलं. हेर फितूर झाला.

पण मिलिंद काही कच्चा नव्हता. शुक्रवारी म्हणाला, "मावशी, तू तिचीच बहीण. रविवारी अकराला मी व्हिडिओ करतो, तेव्हा क्लाराला समोर बसव. ती सध्या खोटं बोलत नाही ना? मी तिलाच विचारणार."

अक्काचा चेहरा पांढरा पडला. मी पराते वहिनींना बोलावलं, वहिनींनी गजभिये बाईंना, आणि अंगणात सभा भरली.

वहिनी म्हणाल्या, "रविवारी तिले कळमेश्वरले पाठवून देऊ. माझा भाऊ आहे तिथं कारखान्यात."

"काय सांगून पाठवणार?" बाईंनी विचारलं. "ती विचारेल काहून, आणि तुम्ही खोटं सांगाल. मग तिचं व्रत तुम्ही मोडलं का तिनं, हा निराळा प्रश्न."

"फोनच बंद ठेवू."

"मग तो उद्याच गाडीत बसेल."

वहिनींनी बराच वेळ तांदूळ निवडले. मग एकदम ताट खाली ठेवून म्हणाल्या, "काकू, व्रतच संपवून टाकू ना तिचं. उद्या शनिवार आहे. उद्यापन करू. एकदा उद्यापन झालं की व्रत संपलं, अन् परवा ती बोलायले मोकळी."

आता हसू येतं, पण त्या वेळी आम्हा सगळ्यांना हा तोडगा अगदी बिनचूक वाटला. अडचण आली तर व्रत आधी आवरता येतं हे कुणाला माहीत नाही? मी स्वतः सोळा सोमवार अकराव्या सोमवारी आवरले होते, सुनेचं बाळंतपण निघालं म्हणून. फक्त गजभिये बाई म्हणाल्या, "मला यात धरू नका. जेवायला मात्र मी येईन."

क्लारा कामावरून आली तेव्हा वहिनींनी तिला समोर बसवून सगळं सरळ सांगितलं. उद्या व्रत पुरं करायचं, परवा एक खोटं बोलायचं, एकच, काकूंसाठी. मग पाहिजे तर पुन्हा धर.

क्लारा म्हणाली, "पण ईस्टर तीन आठवड्यांनी आहे."

"देव समजून घेते वं."

"माझा देव समजून घेईल," क्लारा म्हणाली. "पण मले वाटते तो हसेल." मग ती अक्काकडे बघून म्हणाली, "मी उद्यापनाले येईन. परवाचं मी आज नाही सांगू शकत."

आम्हाला तेवढं पुरे होतं. तयारीला लागलो. पुरण शिजलं, गोळाभात (भातात डाळीचे गोळे घालून वाफवतात तो) झाला, कढी झाली. खरी अडचण आली मेहुणाची. उद्यापनाला मेहूण जेवायला बसवायचं, आणि खोटं न बोलण्याच्या व्रताला खोटं न बोलणारं जोडपं हवं, असं वहिनींच्या मनानं घेतलं. ते कुठून आणायचं? वहिनी घरोघरी जाऊन विचारायला लागल्या. पहिल्या घरी नवऱ्यानं "आम्ही कधीच खोटं बोलत नाही" म्हटलं आणि बायको आत जाऊन जोरजोरात भांडी घासायला लागली. दुसऱ्या घरी बायको म्हणाली मी येते, यांना सोडा. तिसऱ्या घरी दोघं एकमेकांकडे असे बघायला लागले की वहिनींनी काढता पाय घेतला. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायला आली तरी धरमपेठेत एक जोडपं मिळालं नाही.

शेवटी गजभिये बाईंच्या यजमानांना, गजभिये सरांना गाठलं. सर पेपर वाचत होते. म्हणाले, "मी परवाच हिला बीपीची गोळी घेतली म्हणून सांगितलं. घेतली नव्हती." बाई म्हणाल्या, "मला माहीत होतं. मी डबी मोजते. आणि मी तुम्हाला सांगितलं की मोजत नाही." वहिनींना हे एवढं पटलं की त्यांनी दोघांनाच बोलावलं. बाईंनी मात्र बजावलं, आम्ही पाहुणे, पूजेचे नाही.

शनिवारी दुपारी अक्काच्या हॉलमध्ये अकरा बायका जमल्या. मधे पाट, पाटावर क्लाराचा लाकडी क्रूस. वहिनी हळदीकुंकू घेऊन पुढं झाल्या तशी क्लारा म्हणाली, "क्रुसाले नको वहिनी, आमच्यात लावत नाही. मले लावा." तिला लावलं. एवढं कपाळ, त्यामुळं कुंकूही वहिनींनी तसंच मोठं लावलं. ओटी भरली. नारळ पदरात घ्यायला तिला पदर नव्हता, तिनं टी-शर्ट पुढं धरला. मग कुणाला काय म्हणायचं सुचेना. आरती कुणाची म्हणायची? तेव्हा क्लारा गुडघ्यांवर बसली, त्या लहान पुस्तकातलं जर्मन काहीतरी वाचलं, आणि मग आमच्यासाठी मराठीत म्हणाली:

"प्रभू, या बायका मले खोटं बोलायले मोकळी करून राहिल्या. त्या काकूंवर प्रेम करतात म्हणून करून राहिल्या, ते तुले दिसते. मी पण करते. आता मी काय करू ते मले सांग. आमेन."

आम्ही सगळ्या आमेन म्हणालो. वहिनींनी घंटा वाजवली. मग जेवलो. पुरणपोळी कशी झाली हे वहिनींनी मुद्दाम विचारलं, व्रत सुटलंय का बघायला. क्लारा म्हणाली, "गोड कमी आहे." वहिनी माझ्या कानात म्हणाल्या, "सवय आहे. उद्यापर्यंत जाईल."

रविवारी क्लारा सकाळीच चर्चला गेली. ती गाते तिथं, मराठी भजनं, पेटीवर. अक्कानं त्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घातला आणि नवी खुर्ची घेऊन बसली, पाठ ताठ. अकराला दोन मिनिटं कमी असताना क्लाराची सायकल वाजली. गजभिये बाई आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

मिलिंदचं तोंड फोनवर दिसलं. इकडचं तिकडचं काही नाही. "क्लारा, मला एवढंच सांग. आई पडली का?"

क्लारा अक्काकडे वळून म्हणाली, "काकू, तुम्ही सांगता का मी सांगू?"

अक्कानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पडल्या," क्लारा म्हणाली. "दोनदा. न्हाणीघरात. हाड मोडलं नाही, एक्स-रे काढला. गॅस पण एकदा चालू राहिला."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला तर वाटलं, इथंच संपलं, आता पुणं.

पण क्लारा थांबली नाही. "दादा, माझं अजून एक आहे. मी चाळीस दिवस खोटं नाही बोलणार असं देवाले सांगितलं होतं. काकू पडल्या त्या दिवशी मी तुमचा नंबर काढला अन् ठेवून दिला. मागच्या दोन्ही रविवारी तुम्ही फोनवर होते, मी इथंच भाजी चिरत होती, अन् गप्प बसली. साबुदाण्याचं खरं बोलणं सोपं होतं. हे नाही बोलली. व्रत माझं तेव्हाच मोडलं होतं. काल उद्यापन केलं तं ते मोडलेल्या व्रताचंच केलं. मी तुमची माफी मागते."

मी मनातल्या मनात मिलिंदची वाक्यं तयार करत होते, अकरावा मजला, लिफ्ट. तो म्हणाला, "आई, खूप लागलं होतं का?"

आणि माझी अक्का, जिनं तीन बाळंतपणं आणि भाऊजींचं जाणं यात कुणाला हूं म्हणून कळू दिलं नाही, ती म्हणाली, "लागलं ना रे. खूप लागलं. अजून दुखून राहिलं." आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

"मग मले काहून नाही सांगितलं?" पुण्यात अठरा वर्षं राहिलेला मिलिंद एकदम नागपुरीत आला.

"तू नेशील म्हणून."

तो गुरुवारी आला. सहा दिवस राहिला. न्हाणीघरात धरायला दोन दांडे बसवले, घसरणारी फरशी काढली, गॅसला आपोआप बंद होणारं काहीतरी लावलं. रोज सकाळी अंगणात आईची वीस पावलं तो मोजायला लागला. एकदा क्लाराला उभं करून त्यानं विचारलं, आई इथं एकटी राहू शकते का? क्लारा म्हणाली, "एकट्या नाही. पण त्या एकट्या नाहीत." तेही खरंच होतं, कारण ती हे बोलत असताना खिडकीतून पराते वहिनी "काकूंनी गोळी घेतली का" विचारत होत्या. शेवटी असं ठरलं की एप्रिल-मे अक्कानं पुण्याला काढायचे, जूनमध्ये परत, आणि पुन्हा पडली तर पुन्हा बोलायचं. घर काढायचं नाव त्यानं घेतलं नाही. घेणारच नाही असंही म्हणाला नाही.

त्या रविवारनंतर अक्का मात्र दोन दिवस क्लाराशी बोलली नव्हती. क्लारा सकाळी खाली यायची, दाराशी उभी राहायची, मग सायकल काढायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "काकू, तुम्ही माझ्यावर रागावल्या का?"

"नाही."

क्लारा तशीच उभी.

"हो, रागावली. बस आता. चहा घे. साखर जास्त झाली असेल तं सांगू नको." क्लारानं चहा घेतला आणि काही सांगितलं नाही. साखर जास्तच होती, मी प्यायले होते.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. अकोल्यापर्यंत मी विचार करत होते की त्या घरात आम्ही किती जणी किती प्रेमानं खोटं बोललो. मिलिंदला काळजी नको म्हणून अक्का, अक्काला त्रास नको म्हणून मी, आणि सगळ्यांसाठी पराते वहिनी. एवढ्या मायेच्या माणसांत माझी बहीण पंधरा दिवस एकटीच दुखत होती. त्या पोरीला मी देवभक्त म्हणेन, पण ती पेढ्याला जुना म्हणाली म्हणून नाही. तिनं स्वतःचं मोडलेलं सगळ्यांसमोर उचलून दाखवलं, तेही तिला अकरा जणींनी सोयीची सुट्टी दिलेली असताना.

कराडला सून घ्यायला आली होती. पिशवी हातातून घेत म्हणाली, "आई, दमला असाल ना?"

माझ्या तोंडात छे, दमायला काय झालं, हे आलंच होतं. मी म्हटलं, "दमले. आणि डावा गुडघा दुखतोय. दिवाळीपासून दुखतोय."

"दिवाळीपासून?" ती तिथंच उभी राहिली, लोक मागून ढकलत होते तरी. घरी येईपर्यंत मला बोलत होती, बोलत म्हणजे रागावत होती. मग तेल गरम करून आणलं आणि चोळायला बसली.

ती फार जोरात चोळते. मी सांगितलं, हळू चोळ. तिनं हात थांबवून माझ्याकडे पाहिलं, आणि हळू चोळायला लागली.